सहीसाठी मांडलेलं टेबल

पुस्तकावर सही घ्यायला गर्दी लोटते तेव्हा लेखक पुरता अडकलेला असतो. पुढे टेबल, बाजूला पुस्तकांच्या थप्प्या, मान खाली, हातात पेन. समोर कोण उभं आहे हे त्याला नाव विचारण्यापुरतंच कळतं.

२० सप्टेंबर १९५८ला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, १२५व्या रस्त्यावरच्या ब्लुमस्टाइन्स दुकानात मार्टिन ल्यूथर किंग असेच बसले होते. वय एकोणतीस. 'स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम' हे त्यांचं पहिलंच पुस्तक नुकतं आलं होतं. माँटगोमेरीतल्या काळ्या माणसांनी ३८१ दिवस बसमध्ये पाऊल ठेवलं नाही, पायपीट केली आणि बसमधला वर्णभेद मोडून काढला, त्याची ही हकिकत. एक बाई पुढे आली. तुम्हीच किंग का, म्हणाली. ते हो म्हणाले, आणि तिनं पाकिटं फोडायची सुरी त्यांच्या छातीत खुपसली.

सुरी रुतलेली ठेवूनच त्यांना हार्लेम हॉस्पिटलात नेलं. पातं महाधमनीला टेकलं होतं. नुसती शिंक आली असती तरी खेळ संपला असता. बाई काळीच होती, मनानं आजारी. किंग यांनी तिच्यावर राग धरला नाही. शिंकेची गोष्ट मात्र ते विसरले नाहीत. ३ एप्रिल १९६८ला, मेंफिसमधल्या अखेरच्या भाषणात, शिंकलो असतो तर काय काय पाहायचं राहून गेलं असतं, याची त्यांनी उजळणी केली. दुसऱ्या दिवशी त्यांना गोळी घातली गेली.

त्या दुकानाचा इतिहासही गमतीचा आहे. गिऱ्हाईक काळं चालतं, पण विक्रीला काळी मुलगी चालत नाही, म्हणून १९३४मध्ये हार्लेमच्या लोकांनी याच दुकानावर बहिष्कार घातला होता. बहिष्काराचं पुस्तक विकायला जागा मिळाली तीही अशी!

जखमेमुळे सक्तीची विश्रांती आली आणि लांबत गेलेला भारतप्रवास फेब्रुवारी १९५९मध्ये घडला. त्याचं मूळही पुस्तकांतच होतं. धर्मशास्त्राचे विद्यार्थी असताना किंग फिलाडेल्फियाला मॉर्डेकाय जॉन्सन यांचं भाषण ऐकायला गेले. जॉन्सन नुकतेच भारतातून परतले होते, गांधींवर बोलत होते. किंग सभेतून उठले ते थेट गांधींवरची पाच-सहा पुस्तकं विकत घ्यायला. भाषणं आपणही ऐकतो, टाळ्याही वाजवतो, आणि बाहेर पडून चहा पितो.

मुंबईत ते गामदेवीच्या मणिभवनात राहिले. आज तिथे वर गांधींची खोली आहे, तळमजल्यावर ग्रंथालय. पर्यटक भराभरा जिना चढतात. माझे पाय खालीच रेंगाळतात, त्या कपाटांपाशी. पण किंग यांनी मुंबईत फक्त गांधी पाहिले नाहीत. फुटपाथवर पथारी टाकून झोपलेली माणसंही पाहिली, आणि 'एबनी' मासिकातल्या लेखात त्यांच्याबद्दल लिहिलं.

सोबत पत्नी कोरेटा होत्या आणि चरित्रकार लॉरेन्स रेडिक. दिल्लीत नेहरू सांगत होते, की महाविद्यालयातल्या एका जागेसाठी एक सवर्ण आणि एक अस्पृश्य मुलगा आला, तर अस्पृश्याला घ्यावं लागतं. रेडिक यांनी विचारलं, हाही भेदभावच नाही का? असेलही, पण शतकानुशतकांच्या अन्यायाचं हे आमचं प्रायश्चित्त आहे, अशा आशयाचं उत्तर मिळालं. किंग यांना ते इतकं पटलं, की १९६४च्या 'व्हाय वी कान्ट वेट'मध्ये हा प्रसंग सांगून त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांसाठीही खास तरतुदी मागितल्या.

त्या पानावर मी दर वेळी अडखळतो. प्रायश्चित्त घेणारा आपल्या सवडीनं घेतो, आणि पुरे झालं हेही तोच ठरवतो. बाबासाहेबांनी सगळा जन्म मागितला तो हक्क. माँटगोमेरीचा बहिष्कार संपला २० डिसेंबर १९५६ला. बाबासाहेब त्याच महिन्याच्या ६ तारखेला गेले होते. किंग आले तेव्हा विनोबा भेटले, जयप्रकाश भेटले. रेडिक यांचा तो प्रश्न खरं तर बाबासाहेबांच्या घरी, राजगृहातल्या पुस्तकांच्या गराड्यात विचारला जायला हवा होता. उत्तर एका वाक्यात नक्कीच आटोपलं नसतं, आणि रेडिक यांना वही बदलावी लागली असती.