गाडीच्या अंगात काही येत नसते

आपल्या वस्त्यांमधून वर्षातून चार वेळा तरी भाड्याच्या गाड्या निघतात. १ जानेवारीला भीमा कोरेगावला, १४ एप्रिलला जयंतीच्या सभांना, अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला मुंबईच्या चैत्यभूमीवर. महिनाभर आधी वर्गणी जमते, आदल्या रात्री भाकरी-चटणीची गाठोडी बांधली जातात, पांढरी पातळे धुऊन ठेवली जातात. सगळे कसे शिस्तीत होते. गाडीची चौकशी मात्र "भाडे किती?" या एकाच प्रश्नावर संपते. त्या गाडीबद्दल आणि ती चालवणाऱ्या आपल्याच पोरांबद्दल आज लिहायचे आहे.

२०२२ च्या अशोक विजयादशमीला आम्ही अकरा जण अकोल्याहून नागपूरला निघालो होतो. गाडी जुनी डिझेल जीप, मालक दुसऱ्या गावचा. चालक आमच्याच वस्तीतला बावीस वर्षांचा पोरगा, मला मामा म्हणणारा. अमरावती मागे टाकून तळेगाव ओलांडले तेव्हा उजाडायचे होते. रस्त्याच्या कडेला एक ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. पोराने ब्रेक मारला, गाडी बरीच आवरली, तरी डावी बाजू ट्रॉलीवर आदळलीच. बंपर आत गेला, समोरची जाळी फुटली, बॉनेट वाकले. माणसांना फक्त खरचटले. आम्ही सगळे खाली उतरलो.

पोराने मालकाला फोन लावला. मालकाने पहिला प्रश्न विचारला, "गाडी चालू होते का?" माणसांचे विचारले नाही. "चालू होत असेल तर कडेला घे अन् तशीच नागपूरला ने, भाडं बुडवू नको," असा हुकूम झाला. पोराने चावी फिरवली. इंजिन लागले. पहिला गिअर टाकून त्याने जराशी रेस दिली आणि पाय उचलला, पण रेस काही उतरली नाही. उलट इंजिन चढतच गेले आणि गाडी झटक्याने पुढे उसळली. पोराने क्लच दाबला, ब्रेकवर उभा राहिला आणि चावी बंद केली. गाडी चार-पाच हातांवर थांबली. समोर बसलेली मंडळी सैरावैरा उठली आणि त्या धांदलीत आमच्या एका आत्याबाई पडल्या. त्यांचे मनगट मोडले.

मग तोंडे सुटली. एक बाई ओरडली, "गाडीच्या अंगात आलं वं माय!" चहाच्या टपरीवरचा एक जण म्हणाला, या वळणावर असेच होते, नारळ फोडा. तिसऱ्याने पोराचे तोंड हुंगायला सुरुवात केली. फोनवर मालक म्हणाला, "घाबरून तूच ॲक्सिलेटर दाबला. खर्च तुझ्या पगारातून कापीन." पोरगा रडकुंडीला येऊन एकच वाक्य म्हणत होता, "मामा, म्या पाय काढला होता."

माझी उभी हयात मोटारींच्या कारखान्यात पान्याशी गेली. आत्याबाईंना १०८ च्या गाडीने सरकारी दवाखान्यात पाठवल्यावर मी बॉनेट उचकटले आणि विजेरी धरली. धक्क्याने बॅटरीची पाटी मागे सरकली होती आणि तिच्याखाली ॲक्सिलेटरच्या केबलचे बाहेरचे कव्हर चेपले गेले होते. आतली तार एकदा ओढली गेली की अडकून बसत होती. ती परत आणणारी स्प्रिंग त्या चेपाला पुरी पडत नव्हती. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. इंजिन ज्या रबरी फौंडेशनवर बसते त्यातले एक फाटलेले होते. थोडी चीर नवी होती, पण बाकी चीर जुनी, तेलाने काळी पडलेली. म्हणजे ते फौंडेशन धडकेच्या आधीपासूनच मेलेले होते. गाडीने जोर घेतला की इंजिन कलत होते, कलले की केबल आणखी ओढली जात होती आणि केबल ओढली की रेस आणखी वाढत होती. याला भूत लागत नाही आणि चालकाचा पायही लागत नाही.

असे कुठे होते काय, असे कोणी म्हणेल, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेत १९७१ साली जनरल मोटर्स कंपनीला सुमारे ६७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यांची इंजिन फौंडेशने तुटत होती, इंजिन उचलले जाई आणि ॲक्सिलेटर ओढला जाई. कंपनीने उपाय काय केला? इंजिनाला तारेचा दोर बांधला, म्हणजे फौंडेशन तुटले तरी इंजिन उचलू नये. इतक्या मोठ्या कंपनीने नारळ फोडला नाही. तिने कारण शोधले आणि त्याला बांधून टाकले.

आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. क्लच दाबला की इंजिनावरचे ओझे निघते आणि आवाज एकदम वाढतो. बाहेरच्याला वाटते, पोरगा अजून रेस देतोय. खरे तर त्याच क्षणी तो गाडी वाचवत असतो. आमच्या पोराने केले ते अगदी बरोबर केले.

म्हणून चालक भावांनो, हे पाठ करून ठेवा. रेस आपोआप चढली तर क्लच दाबा आणि गिअर न्यूट्रलला आणा. ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा. पुन्हापुन्हा सोडून दाबला तर ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पेडल दगडासारखे होते. इंजिन कितीही ओरडले तरी ओरडू द्या. गाडी कडेला घेऊन थांबल्यावर चावी बंद करा. चालत्या गाडीत चावी उपसू नका, स्टेअरिंगला कुलूप लागते. नव्या गाड्यांत केबल नसते, ॲक्सिलेटरखाली सेन्सर असतात. पण घसरलेली पायपुसणी तिथेही पेडल अडकवू शकते. पेट्रोल गाडीत धडकेने हवेचा पाइप फुटला तरी रेस वाढते. आणि डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून जाळू लागले तर चावी बंद करूनही थांबत नाही. तेव्हा आधी माणसे दूर करा. सगळ्यात मोठा नियम एकच : धडकलेली गाडी मिस्त्रीने पाहिल्याशिवाय पुन्हा चालू करायची नाही. हुकूम कोणाचाही असो.

पुढे काय झाले तेही सांगतो. चेपलेल्या केबलचे आणि फाटलेल्या रबराचे फोटो आम्ही जागेवरच काढले. पोलीस आले तेव्हा पंचनाम्यात या दोन्ही गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. नागपूरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीकडून सहीनिशी कागद घेतला. मालक पगार कापायला निघाला तेव्हा वस्तीतली पाच माणसे तो कागद घेऊन त्याच्या दारात गेली. कामगाराला आपली बाजू मांडू दिल्याशिवाय नुकसानीपोटी पगार कापता येत नाही, हा नियम १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलेला आहे. तो मालकाला शांतपणे सांगितला. पगार पूर्ण मिळाला. आत्याबाईंच्या औषधपाण्याचा खर्चही त्याने दिला, कुरकुरत का होईना.

धम्मबांधवांनो, विचार करण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. "अंगात आलं" म्हणणारी बाई आणि "तूच दाबला" म्हणणारा मालक, दोघांनी एकच काम केले. दोघांनी बॉनेट उघडण्याआधीच निकाल दिला. एकाने दोष भुतावर टाकला, दुसऱ्याने गरिबावर. दोन्हीकडे खरे कारण झाकले जाते आणि फाटलेले रबर तसेच राहून पुढच्या अकरा माणसांची वाट पाहत बसते. आपल्या समाजाने हे फार सोसले आहे. विहीर आटली, ढोर मेले, साथ आली की दोष कोणाच्या दारात जायचा हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगले ठाऊक होते.

तथागतांनी कालाम लोकांना सांगितले की, ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा मोठा माणूस सांगतो आहे एवढ्यावर काही मानू नका, स्वतः तपासा. बाबासाहेबांनीही आपल्या बुद्ध धम्माच्या ग्रंथात दाखवून दिले की प्रत्येक घटनेला कारण असते, ते माणसाच्या कृतीत किंवा निसर्गाच्या नियमात सापडते. दैवी चमत्काराला तिथे जागा नाही. आपण हे विहारात वंदनेनंतर ऐकतो. ते रस्त्यावर, बॉनेट वाकलेल्या गाडीपाशी उभे राहून वापरता आले पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी ठरवताना भाड्याबरोबर एवढे बघा. पाटी पिवळी आहे का? पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली तर अपघातानंतर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. योग्यतेचा दाखला आणि विमा चालू आहे का? गाडी आधी धडकली होती का? उभ्या गाडीत रेस देऊन पाय उचलायला सांगा. आवाज लगेच उतरला पाहिजे. इंजिन हादरत असेल तर फौंडेशन बघायला लावा. पाच मिनिटांचे काम आहे. मालक चिडला तर दुसरी गाडी बघा.

आणि गाडी चालवणारा पोरगा आपला असो की परका, अपघातानंतर त्याच्या अंगावर हात टाकण्याआधी त्याला पाणी द्या आणि विजेरी हातात घ्या. कारण शोधणाऱ्या माणसाला भूत सापडत नाही आणि त्याच्या हातून निरपराधही मारला जात नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!