शिवगंगेच्या बागेतील चर्च

बदलीच्या नोकरीत गावे पुष्कळ पाहिली. परंतु तंजावराने मला जसे माझ्याच मनाचा हिशेब द्यावयास लावले, तसे दुसऱ्या कोणत्याही गावाने लावले नाही.

बृहदीश्वराच्या दर्शनास गेलो होतो. सरफोजीराजांनी १८०३ साली मंदिराच्या भिंतीवर कोरविलेला भोसल्यांचा इतिहास मराठीत पाहून परमुलखात ऊर भरून आला. त्याच अभिमानात शेजारच्या शिवगंगेच्या बागेत शिरलो. तेथे १७७९ साली बांधलेले एक लहानसे चर्च आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबऱ्यांतून खेड्यातले असे चर्च मला अनेकदा भेटले होते. गावच्या जन्म-विवाह-मृत्यूंची वही सांभाळणारा, सर्वांची सुखदुःखे जाणणारा तेथला पाद्रीही ओळखीचा होता. शांतता येथेही तशीच होती.

आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर जर्मन पाद्री श्वार्ट्झ, आणि त्याचा हात हाती घेतलेले तरुण सरफोजीराजे! १७८७ साली तुळजाजीराजांनी मरणापूर्वी या दत्तक बालकाचा भार श्वार्ट्झवर सोपविला. गादीच्या कलहात त्याने मुलास जपले, त्याच्या शिक्षणाची सोय केली, त्याच्या हक्कासाठी कंपनी सरकारपाशी शब्द टाकला. फेब्रुवारी १७९८ मध्ये तो वारला. राजे गादीवर बसले ते त्यानंतर काही महिन्यांनी. राजांनी आपला धर्म सोडला नाही आणि गुरूचे ऋणही विसरले नाहीत. हे स्मारक त्यांनीच करविले; गुरूसाठी इंग्रजीत पद्यही रचिले.

त्या शिल्पापुढे मला आमचे मास्तर आठवले. माझी परीक्षेची फी त्यांनी भरली होती. या नोकरीचा अर्जही त्यांनीच लिहून दिला होता. त्यांच्या दुखण्याचे पत्र आले, तेव्हा कचेरीत हिशेबतपासणी चालू होती. ‘पुढल्या आठवड्यात निघतो’ असे मी कळविले. त्या आठवड्यात दुसरे पत्र आले. पुढे बाईंना सांत्वनाच्या दोन ओळीही माझ्याने लिहवल्या नाहीत.

भिंतीवरील वंशावळीचा मला केवढा अभिमान वाटला होता! पण आजाऱ्याचा हात हाती घेण्यास राजवंश लागत नाही. रजेचा एक अर्ज पुरतो.

मास्तरांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्या रात्री बाईंना पत्र लिहावयास बसलो. ‘शिरसाष्टांग नमस्कार’ एवढे लिहून झाले, आणि मग बराच वेळ लेखणी पुढे सरकेना.