मद्रासहून निघालेले चाळीस हजार डॉलर

चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा मराठी माणूस ऑस्ट्रेलियाची नाणी का जमवतो, असं लोक मला नेहमी विचारतात. मी त्यांना सेंट जॉर्ज किल्ल्याच्या दिशेनं बोट दाखवतो. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या नाण्यांची चांदी मद्रासहूनच गेली.

सिडनीच्या वसाहतीत रोकड टिकतच नसे. जहाजं माल उतरवायची आणि नाणी घेऊन जायची. गव्हर्नर किंग यांनी १८०० साली परदेशी नाण्यांचे दर ठरवून दिले, त्यात रुपया अडीच शिलिंगांचा आणि आपल्या होनाच्या जातीचा पॅगोडा आठ शिलिंगांचा होता. तरी चणचण संपेना. अखेर ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रासहून पाठवलेले ४०,००० स्पॅनिश डॉलर ‘समारंग’ जहाजातून २६ नोव्हेंबर १८१२ रोजी सिडनीला पोचले. गव्हर्नर मॅक्वारी यांनी विल्यम हेनशॉल या कैद्याला कामाला लावलं. त्याला शिक्षा झाली होती तीच मुळी बनावट पैशांबद्दल! त्यानं प्रत्येक डॉलरचा मधला भाग कापून काढला. बाहेरचं कडं पाच शिलिंगांचं, म्हणजे ‘होली डॉलर’, आतली चकती पंधरा पेन्सांची, म्हणजे ‘डम्प’. पाच शिलिंगांचे सव्वासहा झाले, आणि भोक पडलेलं नाणं बाहेर पूर्ण किमतीला कोण घेणार? पैसा वसाहतीतच राहिला. मॅक्वारींची ही युक्ती मला अजूनही थक्क करते. पुढे बहुतेक कडी वितळवली गेली. आज सुमारे तीनशेच उरली आहेत, त्यामुळे स्वस्तात मिळणारं कडं बनावटच समजावं.

आपल्या आवाक्यातली भारतीय वाट तांब्याची आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ ते १९१८, ऑस्ट्रेलियाच्या पेनी आणि हाफपेनी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडल्या गेल्या. खूण रोमन ‘आय’. तिथेच आपला पाव आणाही पडत होता आणि त्याचा व्यास हाफपेनीएवढाच. १९१६ साली साच्यांची अदलाबदल झाली आणि एका बाजूला पाव आण्याचा राजा, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियाची हाफपेनी अशी नाणी बाहेर पडली. जगात अशी दहाच्या आतबाहेर माहीत आहेत. साम्राज्याचा सगळा कारभार या एका चुकीत दिसतो, असं मी मानतो.

दुसऱ्या महायुद्धात मेलबर्नची टांकसाळ अपुरी पडली. चांदीची नाणी अमेरिकेतून आली, तांब्याची मुंबईहून. १९४२-४३ची कांगारूची पेनी मिळाली तर राजाच्या छबीखाली ‘आय’ आणि ‘पेनी’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना ठिपके भिंगातून पाहा. चिंच, लिंबू, पॉलिश काहीही लावू नका, घासलेल्या तांब्याची किंमत कायमची जाते.

स्मारक नाण्यांत १९२७चा कॅनबेराच्या संसदभवनाचा फ्लोरिन मला प्रिय आहे, कारण तो लोकांच्या हातांतून फिरला. हल्लीच्या रंगीत, डबीबंद नाण्यांवर मी पैसे घालत नाही. कलकत्त्याची १९१८ची हाफपेनी, मूळची तांबूस झळाळी शाबूत असलेली, मला अजून हवी आहे.