तंबूत वीज हवी, पण किती?

सहलीला निघालेल्या कुटुंबाचं सामान पाहिलं की काळ किती बदलला ते लगेच कळतं. पूर्वी एक होल्डऑल, फिरकीचा तांब्या, लाडू-चिवड्याचा डबा आणि हातात विजेरी, एवढ्यावर भागत असे. आता माणशी एक मोबाइल, मुलांचा टॅब, कॅमेरा, शिवाय एखादीचा हेअर ड्रायर! या सगळ्यांना वीज हवी. त्यात स्वतःच्या गाडीने लांब जाऊन तंबूत राहण्याची हौस मध्यमवर्गीय घरांतही चांगलीच रुजली आहे. साहजिकच प्रश्न निघतो, 'एक छोटा जनरेटर घेऊन टाकायचा का?'

बडोद्याच्या एका मराठी कुटुंबातही तो निघाला. बेत कच्छचा होता. खावड्याहून पांढऱ्या रणातून सरळ धोलावीराला जाणारा रस्ता, २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरलेलं ते हडप्पाकालीन नगर आणि वाटेत ओळखीच्या लोकांच्या अंगणात तंबू ठोकून दोन रात्री. मुलं महिनाभर आधीपासून नाचत होती. फक्त आप्पा नेहमीसारखं म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी आणि माझं यंत्र घरीच बरे."

आप्पांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी दिलेलं सी-पॅप यंत्र लावल्याशिवाय त्यांनी झोपायचं नाही आणि ते यंत्र विजेवर चालतं. त्या यंत्रापायी ते सलग तीन वर्षं घर राखत बसले होते. सूनबाईंनी या वेळी ठरवूनच टाकलं, "आप्पा, तुम्ही येणार नसाल तर कुणीच जाणार नाही."

मुलाला तर निमित्तच हवं होतं. दुसऱ्याच दिवशी तो दुकानात गेला. विक्रेत्यांचा एक नेम असतो, ग्राहकाला काय हवं ते विचारण्याआधी मोठ्यात मोठी वस्तू पुढे करायची. "तीन केव्हीए घ्या साहेब, फ्रिज, मिक्सर, सगळं चालेल." तंबूत फ्रिज कशाला, हे तिथे कुणी विचारलं नाही. ते धूड उचलायलाच दोन माणसं लागली आणि चालू करून दाखवलं तेव्हा बोलणं ऐकू येईना.

घरी सूनबाईंनी वही काढली. घरखर्च लिहावा तसे वॅट लिहिले. एलईडी दिवा ९ वॅट. फोन १५-२० वॅट, तोही तासा-दोन तासांपुरता. लॅपटॉप ६० वॅट. आप्पांचं यंत्र, त्यातलं पाणी गरम करून हवा दमट करणारा भाग बंद ठेवला तर, ३०-४० वॅट. म्हणजे सगळं एकदम लावलं तरी दीडशेच्या आसपास. मग हजारांत आकडा नेणारं काय? तर चहाची विजेची किटली, १५०० वॅट! चहा तर गॅसच्या छोट्या शेगडीवरही होतो. बहुतेक घरांची यादी अशीच निघेल. एका किटलीपायी किंवा इंडक्शनपायी लोक दुप्पट-चौपट ताकदीचं यंत्र विकत घेतात.

ज्यात मोटर किंवा कॉम्प्रेसर आहे, अशी वस्तू सुरू होताना क्षणभर दोन-तीन पट वीज ओढते, हेही हिशेबात धरावं लागतं. दुकानात केव्हीएचा आकडा मोठ्याने सांगतात. पाहायचा असतो तो वॅटचा आणि तोही 'कमाल' नव्हे, तर सतत चालण्याचा.

वही पाहून मुलगा थोडा नरमला. मग त्याने इन्व्हर्टर जातीच्या जनरेटरची माहिती काढली. सुटकेससारखा बंदिस्त, एक केव्हीएचा असेल तर तेरा-चौदा किलोचा, आवाजाला बराच कमी. त्याची वीज स्थिर असते, त्यामुळे नाजूक यंत्रांना धोका कमी. साध्या स्वस्त जनरेटरचा दाब वर-खाली होतो; त्यावर आप्पांचं यंत्र लावणं म्हणजे जुगारच. किंमत मात्र ऐकून घरात जरा शांतता पसरली.

पण खरी अडचण किमतीची नव्हती. "अहो, रात्रभर तो ठेवणार कुठे?" सूनबाईंनी विचारलं. हा प्रश्न खरेदीच्या आधी फार थोडे लोक विचारतात.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं, प्रवासाचा शीण आहे किंवा बाहेरचं खाणं बाधलं. झोपलेल्याला तर तेवढंही कळत नाही. म्हणून जनरेटर तंबूपासून, दारा-खिडक्यांपासून निदान सहा मीटर दूर, उघड्यावर, धुराचं तोंड उलट दिशेला करून ठेवायचा असतो. तंबूचा पडदा अर्धा उघडा ठेवून किंवा ओसरीवर यंत्र ठेवून चालत नाही. कच्छमध्ये डिसेंबरची रात्र बोचरी असते. थंडीत पडदे घट्ट लावले जातात, पहाटे दव पडू लागलं की यंत्र भिजू नये म्हणून कुणीतरी ते आडोशाला ओढतं. अपघात नेमका तिथेच होतो. तंबूत कोळशाची शेगडी ठेवणं किंवा गाडीचं इंजिन चालू ठेवून आत झोपणं, हाही तोच धोका. ज्याचा श्वास आधीच अडतो, त्याच्यासाठी रात्रभर शेजारी इंजिन धुमसत ठेवायचं, हे सूनबाईंना काही केल्या पटेना.

शिवाय पेट्रोलचा कॅन मुलांसोबत गाडीत न्यायचा, यंत्र पूर्ण गार झाल्याशिवाय टाकी भरायची नाही, आणि रणाच्या त्या शांततेत सगळ्यांच्या कानाशी घरघर!

अखेर त्यांनी बॅटरीची पेटी घेतली. हिला बाजारात पॉवर स्टेशन म्हणतात. सहा-सात किलो वजन, ५०० वॅट-तास साठा, धूर नाही, आवाज जवळजवळ नाही. साठ्यातले पंधरा टक्के तरी वाटेत वाया जातात असं धरायचं, म्हणजे हाती सव्वाचारशे. आप्पांना रात्रीला तीनशेच्या आतच लागणार होते. दिवसा गाडी चालताना तिच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून तासाला शंभरेक वॅट-तास परत भरतात. चार तासांचा प्रवास झाला की पुढच्या रात्रीची सोय.

कागदावरचा हिशेब कागदावरच राहतो, म्हणून निघण्याआधी घरीच दोन रात्री परीक्षा घेतली. पहिल्या रात्री हवा दमट करणारा भाग चालू ठेवला, तर पहाटे चारला पेटी रिकामी. सूनबाई जाग्या होत्या, त्यांनी यंत्र लगेच घरच्या विजेवर लावलं. दुसऱ्या रात्री डॉक्टरांना विचारून तो भाग बंद ठेवला. सकाळी चाळीस टक्के शिल्लक. आप्पांचा घसा थोडा कोरडा पडला, एवढंच. "अगं सूनबाई, घसा काय, चहाने ओला होतो," ते म्हणाले आणि स्वतःच बॅग भरायला बसले.

जनरेटर कुणी घेऊच नये, असं मात्र नाही. चार-पाच कुटुंबं एकाच जागी आठवडाभर राहणार असतील, गाडी हलणार नसेल, किंवा घरीही वारंवार वीज जात असेल, तर इंजिनाला पर्याय नाही. लेह-लडाखकडे नेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, दर हजार मीटर उंचीला इंजिनाची ताकद सुमारे दहा टक्के घटते. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये एक तृतीयांश गेलीच म्हणायची. बॅटरीची गोम वेगळी. शून्याखालच्या थंडीत लिथियमची पेटी चार्ज करायची नसते.

कच्छमध्ये दोन्ही रात्री निभावल्या. धोलावीराला आप्पा मुलांच्याही आधी उठून बाहेर बसले होते, अंगावर गोधडी घेऊन. पेटीवरचा आकडा वाचून त्यांनी तो वहीत लिहिला, ३८.

आता फेब्रुवारीत गीरचा बेत आहे. तीन रात्री एकाच ठिकाणी, गाडी फारशी हलणार नाही, म्हणजे पेटी भरणार कशी? शंभर वॅटचं घडीचं सौरपटल घ्यावं, असं मुलाचं म्हणणं. आप्पांना तो आकडा मान्य नाही. पटलावर छापलेले शंभर प्रत्यक्ष उन्हात साठ-सत्तरच भरतात, असं त्यांनी कुठेसं वाचलंय, आणि सध्या ते गच्चीवर ऊन किती तास टिकतं ते मोजताहेत.