तोटी मागणारा शेतकरी

पुण्याजवळच्या मांजरी गावात जोतीराव फुल्यांची ६० एकर शेती होती. आपल्या मनातले फुले शाळा काढणारे, ग्रंथ लिहिणारे. पण १८८२च्या एका निवेदनात त्यांची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे कंत्राटदार अशी दिलेली आहे. ओतकामाचं साहित्य त्यांनी विकलं, धरणाच्या बांधकामाला माल पुरवला. वस्तू कशी बनते आणि कुणाच्या घामावर बनते, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

म्हणूनच १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कालव्याचा विषय येतो तेव्हा ते नुसती तक्रार करून थांबत नाहीत. सरकार पाणपट्टी घेतं, पण पाणी वेळेवर आणि पुरेसं मिळतं का याची इंजिनिअर खात्याला फिकीर नाही, असं सांगून ते उपाय सुचवतात: जमिनीच्या मानानं प्रत्येक शेतकऱ्याला तोटी करून द्या. कालवा आखणाऱ्यासमोर नकाशा होता. पाणी चुकलं की पिकाचं काय होतं, हे शेतकऱ्याला ठाऊक होतं. डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आम्ही ‘वापरणाऱ्याच्या बाजूनं विचार करा’ असं शिकवतो, ते हेच. तरी भारतीय डिझाइनचा इतिहास आम्ही सुरू करतो तो अमेरिकन डिझाइनर ईम्स दाम्पत्याच्या १९५८च्या अहवालापासून आणि १९६१च्या अहमदाबादच्या डिझाइन संस्थेपासून. त्या अहवालात लोट्याचं मनापासून कौतुक आहे. लोटा घडवणाऱ्यांची मुलं अशा संस्थेत कशी पोचतील, हा प्रश्न मात्र आमच्या वर्गात क्वचितच निघतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळवते आणि यूसीड या डिझाइन प्रवेश परीक्षेच्या इंग्रजी पेपरापाशी अडते. क्लासची फी भरून पुढे आलीच, तर तिचा पोर्टफोलिओ पाहून कुणीतरी म्हणतं, रंग भडक आहेत. कुणाच्या डोळ्यांना? दारातली रांगोळी, पोळ्याच्या बैलाची झूल पाहत ती वाढली. आमच्या पांढऱ्या-करड्या आवडीलाही जात आहे, वर्ग आहे, आम्ही वाढलो ती पेठ किंवा सोसायटी आहे. पण त्या आवडीला आम्ही अभिरुची म्हणतो आणि तिच्यावर गुण देतो.

मांजरीकडच्या एका विद्यार्थिनीनं ठिबकच्या व्हॉल्व्हवर काम केलं. शेतीची वीज अनेकदा रात्रीची. मोटर सुरू झाली की तिची आई एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या, चिखलानं निसरड्या झालेल्या हातानं व्हॉल्व्ह फिरवते. मुलीनं त्याला लांब दांडीची, खाचा असलेली मूठ केली. प्रकल्पाला गुण देणाऱ्या ज्यूरीतून प्रश्न आला: ॲप का नाही केलं? ती म्हणाली, मोबाईल वडिलांकडे असतो.

त्या ज्यूरीत तिची आई बसायला हवी होती. पाहुणी म्हणून नव्हे, गुण देणारी म्हणून.