शेवटची सही

ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या चंडीगडात राहून आम्हांस सरळ रेषेचे वेड लागले आहे. म्हणून परवा एका प्रोग्रामच्या शेल-चाचण्या सुटसुटीत करणारी दुरुस्ती तपासणीस आली, तेव्हा आम्ही हरखलो. पूर्वी प्रोग्रामचे उत्तर फाइलीत उतरवून मग त्यात ‘ग्रेप’ने शब्द शोधीत, आता दोहोंमध्ये पाइप घालून एकच ओळ केली होती. संमती देता देता थबकलो. पाइपमध्ये शेल एरवी केवळ शेवटच्या आज्ञेचा निकाल पाहते. अपेक्षित शब्द छापून प्रोग्राम कोसळला, तरी चाचणी उत्तीर्णच! ‘गिट’च्या चाचणी-नियमांतही हीच ताकीद आहे. शेवटची सही पाहून, खालची टिपणे न वाचता फाइली पुढे सारणारे आम्ही मनोमन वरमलो. दुरुस्ती परत पाठविली. एका ओळीच्या बचतीसाठी साक्षीदारास मुके करू नये.