मृगाआधीची चाकं

जूनच्या पहिल्या सरीत रस्ता जितका निसरडा होतो, तितका तो पुढच्या चार महिन्यांत क्वचितच होतो. दिवाळीपासून साचत आलेलं तेल, डिझेलचे थेंब, झिजल्या टायरांची काळी भुकटी आणि बांधकामांची धूळ यांत पहिलं पाणी मिसळतं आणि डांबरावर एक पातळ लेप पसरतो. पाऊस चांगला झोडपून गेला की तो लेप वाहून जातो. पण तोवर कोकणे चौकात, नाशिक फाट्याच्या पुलाच्या उतारावर, रक्षक चौकाजवळच्या झाडांखाली दुचाक्या घसरायच्या त्या घसरतातच. पिंपळे सौदागरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. मे महिन्याच्या संध्याकाळी वळीव पडून जातो, मातीचा वास सुटतो, मन हरखतं. आणि त्याच वेळी सोसायटीच्या पार्किंगमधून जाताना माझी नजर खाली, उभ्या गाड्यांच्या चाकांकडे वळते.

माझा भाचा चाकणहून जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गेला. फोक्सवॅगनने 2009 साली चाकणला कारखाना सुरू केल्यापासून ही वाट आपल्याकडच्या मुलांच्या ओळखीची झाली आहे. ऑक्टोबर आला की त्याचा फोन येतो, "मावशी, आज चाकं बदलून आणली." तिथे एका गाडीला चाकांचे दोन संच असतात, एक उन्हाळ्याचा आणि एक थंडीचा. उन्हाळी टायरचं रबर 7 अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, रस्ता धरेनासं होतं. हिवाळी टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहील असं घडवलेलं असतं आणि त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फात रुततात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर लावूनच निघायचं, हा तिथे 2010 पासूनचा कडक नियम आहे, आणि ऑक्टोबर 2024 पासून त्यासाठी हे डोंगराचं चिन्ह असलेलेच टायर चालतात. उतरवलेला संच ठेवायला घरी जागा नसेल तर टायरचा दुकानदार भाडं घेऊन तो ऋतूभर सांभाळतो. मला ही रीत फार आवडते. ऋतू पालटला म्हणून माणसाने चाकं पालटावीत, यात ऋतूचा मान ठेवणं आहे.

आपल्याला ते टायर नकोत. पुण्यात पारा आजवर सर्वांत खाली गेला तो जानेवारी 1935 मध्ये, 1.7 अंशांपर्यंत, आणि थंडीतल्या पहाटे हुडहुडी भरली तरी दुपारी ऊन चटका देतंच. तसल्या मऊ रबराचा आपल्या तापल्या रस्त्यांवर वर्षभरात भुगा होईल. आपला खडतर ऋतू पावसाचा. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण इथून तासाभरावरच्या लोणावळ्यात तो चार हजारांच्या पुढे जातो. शनिवारी सकाळी कुटुंबाला घेऊन घाटाकडे निघालेली छोटी गाडी दोन वेगळ्या हवामानांतून जाते, त्याच चार टायरांवर.

त्या चार टायरांचा रस्त्याशी संबंध किती असतो, याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. माणसांसह गाडीचं वजन हजार-अकराशे किलो धरलं तर एका चाकावर सरासरी अडीचशे-पावणेतीनशे किलो भार येतो. टायरमधल्या 33 पीएसआय हवेचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार केला की एकशेदहा-एकशेवीस चौरस सेंटिमीटर उरतात. एक तळहात. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, एबीएस, ज्यांच्या जाहिराती आपण एवढ्या कौतुकाने वाचतो, ते सगळं जमिनीशी बोलतं ते या चार तळहातांमधून. ब्रेक चाक थांबवतो; गाडी थांबवतो तो टायर.

पावसात या तळहाताखाली पाणी शिरतं. नक्षीच्या खोबणी ते पाणी बाजूला आणि मागे ढकलतात. खोबण झिजली किंवा पाणी तिच्या खोलीपेक्षा जास्त असलं की ढकलायला जागा राहत नाही, आणि एका वेगानंतर टायर पाण्यावर उचलला जातो. स्टिअरिंग हातात हलकं होतं, ब्रेकचा उपयोग उरत नाही. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी 1960 च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून दाखवलं की हा वेग मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो. त्यांच्या सूत्रात 33 पीएसआय घातलं तर उत्तर येतं ताशी सुमारे 95 किलोमीटर. हवा 25 वर उतरलेली असेल तर 83. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात गाड्यांना शंभरची मुभा आहे. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की अंगावर काटा येतो.

गंमत अशी की हे रबर ज्या झाडाचं, त्या झाडालाही पाऊस अडचणीचाच. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात केरळमधून आलेल्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा उभ्या केल्या आहेत. खोडावर तिरकी चीर देऊन वाटीत चीक गोळा करतात. पाऊस त्या चिरेवरून वाहिला तर चीक वाहून जातो, म्हणून पावसाळ्यात खोडाला प्लॅस्टिकचा घेर बांधतात. तो पांढराशुभ्र चीक काजळीने काळा होतो, गंधकाने टणक होतो. 1990 च्या दशकापासून त्यात सिलिका मिसळायला लागले आणि ओल्या रस्त्यावरची पकड खूपच सुधारली. आपल्या या पट्ट्यातही टायर बनतात. चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे. तिथून पाळी संपवून निघालेला कामगार जेव्हा गोटा झालेल्या टायरांच्या मोटरसायकलवरून मोशीमार्गे घरी निघालेला दिसतो, तेव्हा मला वाईट वाटतं.

निवडीबद्दल माझं मत ठाम आहे. छोट्या गाडीच्या मूळ टायरवर 155/80 आर 13 असं लिहिलेलं असेल तर तेवढाच घ्यावा, किंवा कंपनीनेच त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेला. 175/65 आर 14 चा बाहेरचा व्यास मूळ टायरपेक्षा जेमतेम पाच मिलिमीटर मोठा भरतो, त्यामुळे स्पीडोमीटर खरं सांगत राहतो. पण हल्ली मुलं चकचकीत मोठी अलॉय आणि त्यांवर रुंद, पातळ टायर चढवतात. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो लवकर तरंगतो. आणि पातळ टायर पावसाने उखडलेल्या खड्ड्यात आपटला की बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर कधी फुटेल याचा नेम नाही. बर्फाच्या मुलुखातले जाणते लोकही थंडीसाठी अरुंद टायर आणि साधी लोखंडी डिस्क पसंत करतात. त्यांच्या बर्फाला लागू पडणारं हे शहाणपण आपल्या पाण्यालाही लागू पडतं.

आमच्या भागात शिवार चौकाकडे जाताना टायरचं एक दुकान आहे. तिथला वस्ताद बीडकडचा. मे महिन्याच्या शेवटी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, पण तो घाई करत नाही. "काकू, आधी तारीख बघा," म्हणत टायर माझ्यासमोर फिरवतो. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मग 79 टी. म्हणजे एका टायरला 437 किलो भार आणि ताशी 190 किलोमीटर वेग झेपेल. मग बाण. नक्षी एकाच दिशेने पाणी फेकणारी असेल तर बाण पुढे फिरला पाहिजे. उलटा लागला तर तीच नक्षी पाणी आत ओढते. जुना टायर उतरला की तो डिस्कची कड ब्रशने घासून काढतो, व्हॉल्व्ह नवा घालतो, कडेला साबणाचं पाणी लावतो. हवा भरताना टायरची कड डिस्कवर बसते तेव्हा दोनदा ठणकन आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय तो मान वर करत नाही. बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक फिरतं, आकडा येतो, तेवढ्या ग्रॅमचं वजन कडेला ठोकलं जातं, पुन्हा फिरवून शून्य बघायचं. नट समोरासमोरचे आळीपाळीने, आधी हाताने, मग पान्याने. पान्यात पाइप घालून त्यावर उभं राहणाऱ्या पोराला तो ओरडतो, आणि बरोबर ओरडतो. तसा आवळलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर कोणाच्या बापाला सुटत नाही. शेवटी मला बजावतो, "पन्नासेक किलोमीटर फिरून या, नट परत एकदा आवळून देतो."

एका मुद्द्यावर मात्र बहुतेक दुकानांत अजून वाद घालावा लागतो. चारही टायर एकदम घेणं प्रत्येकाला परवडत नाही. फीचा हप्ता आणि शाळेची खरेदी याच महिन्यात येते. मग दोन घेतात आणि पुढे लावतात, कारण आपल्या छोट्या गाड्यांचं इंजिन पुढची चाकं ओढतं, झिजतातही तीच. पण पावसात मागची चाकं सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणं कसलेल्या चालकालाही जमेलच असं नाही. पुढची सुटली तर वेग कमी केल्यावर ती बहुधा पुन्हा पकड घेतात. म्हणून मोठमोठ्या टायर कंपन्याही सांगतात की दोनच नवे घेतले तर ते मागे लावा आणि मागचे बरे असलेले पुढे आणा.

यंदा मृग लागण्याआधी एवढं करा. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, तिथे बोट फिरवा. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली असेल तर फक्त 1.6 मिलिमीटर उरले आहेत आणि तो टायर संपला आहे. तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर घेऊन घाटात जाऊ नका. हवा दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिली आहे तेवढीच भरा, सकाळी चाक थंड असताना. आणि डिकीतलं पाचवं चाक बाहेर काढून त्यातलीही हवा बघून घ्या.